करदोड्याची अर्थिंग

बाजेवर बेस गिटार उघडी पडली होती आणि मोटार वाइंडिंगवाला धोंडीराम शेजारी सोल्डर तापवत होता. गिटार माऊलीची, स्वस्तातली. तिच्या खुंट्या कितीही पिळा, दुसऱ्या गाण्याला सूर उतरलाच म्हणून समजा. आवाजाची तर बोंबच. ऑर्केस्ट्राच्या आप्पांनी तोंडावर सांगितलं होतं, "चौसाळ्याच्या हळदीला नीट वाजली तर तू हायस. न्हाईतर कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवील." चार वर्षं घासून मिळवलेली जागा अशी जाणार म्हटल्यावर माऊलीने नव्या खुंट्या, आवाजाची नवी बटणं आणि तारांचा आवाज धरणारी नवी कॉईल मागवली.

"तुला जमंल ना?" माऊलीने विचारलं.

"आरं, तांब्याची तारच हाय की बे ह्यात! पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी बांधतो मी. हे तर लेकरू हाय."

तासाभरात काम झालं. सूर पक्का, आवाज खणखणीत. एक वायर तेवढी उरली.

"ही कुठली?"

"जास्तीची आसंल. मोटारीचे बी दोन नट उरत्यात माझ्याकडं. तरी फिरतीच की मोटार!" असं म्हणून धोंडीरामने वायर खिशात घातली. तेलगावात त्याच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती, कारण ऐन उन्हाळ्यात मोटार जळते आणि गाठ त्याच्याशीच असते.

चौसाळा म्हणजे माऊलीची सासुरवाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या मांडवात गिटारीची वायर मोठ्या स्पीकरला लागली आणि घूंऽऽ असा आवाज सुटला. नवरीच्या गालावरचा हात तसाच राहिला. आप्पांनी डोळे वटारले आणि कीबोर्डवाल्याने डाव्या हाताची बोटं मोडली.

पाहुणा म्हणून आलेला धोंडीराम पंगत सोडून धावला. त्याने गिटारीच्या प्लगला बोट लावलं, घूंऽ बंद. बोट काढलं, पुन्हा घूंऽ. त्याने कपाळावर हात मारला. "उरल्याली वायर अर्थिंगची हुती रं! वाजवणाराच्या आंगाला जोड पायजे." सोल्डर तेलगावात, वायर मात्र खिशात. त्याने एक टोक प्लगला गुंडाळलं. "दुसरं तुझ्या आंगाला लावू. आंगावर चांदी-बिंदी काय हाय का?"

बायकांमधून बबिता, म्हणजे माऊलीची बायको, ओरडली, "करदोडा हाय की! आईनं धोंड्याच्या महिन्यात दिल्याला!"

माऊलीचं तोंड उतरलं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या अधिक महिन्यात त्याला सासूकडून नवी गिटार हवी होती. मनकर्णाबाईंनी कमरेला चांदीचा करदोडा दिला. "मी काय बैल हाय का साखळीला बांधायला?" असं तो घरी रोज कुरकुरायचा. आजही सासुरवाडीला यायचं म्हणूनच घातला होता.

करदोड्याला वायर लागली. घूंऽ गेली. मग बेस असा वाजला, की आप्पांची मान आपोआप डोलायला लागली. गाणं संपलं तेव्हा माऊलीचे डोळे भरून आले होते. त्याने माइक ओढला.

"ही गिटार माझ्या सासूबाईंमुळं वाजायली. मामी, लई उपकार झाले. मी उगंच नावं ठिवत हुतो."

मनकर्णाबाईंना ओ की ठो कळलं नाही, पण पदर सावरत त्या स्टेजवर आल्या. माऊली पाया पडायला वाकला, तशी वायर निसटली. घूंऽऽ!

"मावशी, हे टोक धरा," धोंडीराम किंचाळला, "आन् दुसरा हात जावयाच्या डोक्यावर ठिवा!"

त्यांनी ठेवला. आवाज बंद!

"हलू नका! आता बांधाबांधी न्हाई!" आप्पा गरजले. "माऊली, वाजीव!"

पुढची दोन गाणी जावई बसून वाजवत राहिला आणि सासू डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हातारी माणसं हात जोडून बघत होती. जावयाचं इतकं कौतुक त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं.

"पाव्हणं, आजून किती आशीर्वाद देऊ?" मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं.

"हात काढू नका, मामी," माऊली म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला.

कार्यक्रम आटोपल्यावर आप्पांनी वही काढली. "तलवाड्याची सुपारी हाय पंधरा तारखेला. माऊली, तू तर हायसच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर मावशी मोकळ्या हायत का?"