ॲन्सेल्मच्या रानफेरीला आलेली माणसं

"दहा माणसं! एक जरी कमी आलं ना, तर मिशा उतरवीन!" ॲन्सेल्म लारोंदनं रेडिओ स्टेशनच्या काउंटरवर थाप मारून सांगितलं.

काउंटरवरच्या शर्लीननं फोनमधून मान वर केली आणि त्या मिशा बघितल्या. पैजेला लावण्याजोग्या काही त्या नव्हत्या. "कागद ठेवा इथं, काका. उद्या वाचतील," ती म्हणाली आणि परत फोनमध्ये बुडाली.

त्याचं असं झालं होतं. ॲन्सेल्मनं चौतीस वर्षं डॉमिनिकाच्या जंगल खात्यात काढली होती. बेटावरची एकेक पायवाट त्याला तोंडपाठ. लग्न झाल्यापासून दर शनिवारी तो आणि बायको फिलोमिना मोर्न क्लेरच्या धबधब्यापर्यंत चालून यायचे. तो झाडांची नावं सांगायचा, ती "हो का!" म्हणायची. वर्षानुवर्षं तीच झाडं, तीच नावं आणि तोच "हो का!" दोन वर्षांपूर्वी फिलोमिना गेली. तेव्हापासून ॲन्सेल्म एकटाच चालायचा, नावं मोठ्यानं सांगायचा आणि मग स्वतःच "हो का!" म्हणायचा. पण आपणच आपल्याला म्हटलेल्या "हो का"ला काही चव नसते हो!

शेवटी त्यानं गावालाच सोबत न्यायचं ठरवलं. दुकानाच्या दारावर चिठ्ठी डकवली : 'शनिवारी रानफेरी. फुकट.' पहिल्या शनिवारी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या शनिवारी एक जर्मन बाई आली, पण तिला फक्त संडास कुठं आहे ते हवं होतं. तिसऱ्या शनिवारी एक बकरी आली. तीही अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

"खालून व्हॅन धावते, मग डोंगरावर तंगडतोड कशाला?" गावकरी म्हणायचे. "मागं कुत्रं लागलंय की काय?"

म्हणून रेडिओ! पण रेडिओवर द्यायचा मजकूर लिहितात कसा? ॲन्सेल्मनं जन्मात एकच लिहिला होता, फिलोमिना गेली तेव्हा. तो कागद कपाटात जपून ठेवलेला होता. त्यानं तोच समोर घेतला आणि त्याच्यावर बेतून नवा लिहिला : 'मोर्न क्लेरचे ॲन्सेल्म लारोंद, ऊर्फ सिरिक, वय अडुसष्ट. दिवंगत फिलोमिनाचे पती. टोरांटोच्या मार्व्हाचे वडील. युडोराचे मेहुणे. शनिवारी सकाळी सात वाजता चर्चच्या फाटकापासून निघून धबधब्याकडे रानफेरी. सर्व नातेवाईक व मित्रांनी सोबत चालावे.'

आता तुम्हीच सांगा, एवढी नातेवाइकांची यादी या बेटावर कोणाची वाचतात? शर्लीननं पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि कागद शुक्रवारी दुपारी एकच्या निधनवार्तांच्या गठ्ठ्यात सरकवला. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं तिनं पदरचं घातलं, आणि 'रानफेरी' खोडून 'अंत्ययात्रा' केलं. दुःखात माणूस काहीही लिहून जातो, असं म्हणत बिचारीनं एक सुस्काराही सोडला.

दुपारी एक वाजता सगळं बेट हातातला घास हातातच ठेवून रेडिओ ऐकतं. ऐकत नव्हता तो एकटा ॲन्सेल्म. तो वर रानात कोयत्यानं वाट साफ करत होता. संध्याकाळी घरी आला, तर डोंगरावरच्या त्या घरात फोनला कधीच रेंज नसते. त्यानं पिठात खारा मासा कालवला, बारा जणांपुरती भजी तळली आणि शांत झोपला.

शनिवारी सातला तो चर्चपाशी उतरला आणि जागीच थबकला. साठ माणसं! काळे सूट, काळ्या टोप्या, बायकांच्या पायांत उंच टाचा! 'अरे, एवढं नटून?' ॲन्सेल्मला भरून आलं. 'माझ्या रानफेरीला?' गर्दीतून पुढं जायला वाट मिळेना, म्हणून तो मागंच उभा राहिला. शेजारी जाड चष्म्याचा एक म्हातारा होता, राजधानीतला शिंपी बॅप्टिस्ट.

"चकचकीत बूट घालून आलात," ॲन्सेल्म काळजीनं म्हणाला. "वर चिखल आहे हो."

"असू दे. माणसासाठी एवढं करायलाच हवं," बॅप्टिस्ट म्हणाला. "तसा भला होता. फक्त डोकं फार खायचा! एकदा सापडलो तावडीत. तीन मैलांत ऐंशी झाडं! त्यातलं एक तर दोनदा सांगितलं!"

"ती दोन वेगळी झाडं होती!" ॲन्सेल्म उसळला. "एकाची साल पांढरी, दुसऱ्याची..."

बॅप्टिस्टनं चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर आणला आणि मटकन खाली बसला.

मग जो गोंधळ उडाला, विचारू नका! तीन बायका किंचाळल्या, एक काका भिंत ओलांडून पळाले आणि फिलोमिनाची धाकटी बहीण युडोरा हातातलं पुष्पचक्र उगारून धावून आली.

"दाजी! लाज नाही वाटत? काल दिवसभर रडले मी!"

"अगं, मग वर येऊन बघायचं होतंस की!"

युडोराचा हात वरच राहिला. "मला वाटलं, शेजारचा ऑलिव्हर बघायला गेला असेल."

"मला वाटलं, फादर गेले असतील," ऑलिव्हर म्हणाला.

"मला वाटलं, शवपेटीवाला गेला असेल," फादर खाकरले.

"मला कोणी सांगितलंच नाही!" शवपेटीवाला मागून ओरडला. "मी म्हटलं, दुसऱ्याला काम दिलं वाटतं!"

साठ माणसांतलं एकही तो डोंगर चढून आलं नव्हतं. ॲन्सेल्मला ते लागलं. फार लागलं. पण त्यानं हसून भज्यांचा डबा उघडला.

"जाऊ दे! आलाच आहात तर चला की वर. तासाभराचं काम."

"आज? छे हो, दुकान उघडायचंय."

"या टाचांनी?"

"मी मयतीपुरताच वेळ काढलाय, दाजी."

भजी मात्र दोन मिनिटांत संपली. बॅप्टिस्टनं जाताना प्रेमानं त्याचा खांदा थोपटला. "वाईट वाटून घेऊ नका. खरंच होईल तेव्हा सगळे येऊ. शब्द देतो!"

ॲन्सेल्म एकटाच चढला. आज त्यानं एकाही झाडाचं नाव घेतलं नाही. वरच्या वळणावर रेंज आली आणि फोन वाजला. टोरांटोहून मार्व्हा.

"पप्पा?" ती किंचाळली. "तुम्ही कसा काय फोन उचलला?"

"हातानं," ॲन्सेल्म म्हणाला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. ती हुंदके देऊन रडली, मग हसली, मग परत रडली. ॲन्सेल्मला इतकं बरं दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

"मावशीनं कळवलं तेव्हा जीवच गेला होता माझा! मंगळवारचं तिकीटसुद्धा काढलं होतं. चांगली दोन आठवड्यांची रजा!"

ॲन्सेल्म खडकावर बसला. दोन आठवडे! "मग?"

"मग काय, रद्द करते आता. रजा मयतीसाठी होती ना, पप्पा. साहेबांना काय सांगू? तुम्ही ठणठणीत आहात म्हणून?"

खाली धबधबा कोसळत होता.

"रद्द नको करूस, बाळ," तो म्हणाला. "पुढं ढकलता येतं का बघ. मी फार दिवस खोळंबून ठेवणार नाही."