एकशे बारा रिव्हेट

दोन हजार चौदा साली पत्रेकाका निवृत्त झाले आणि घरातल्यांचे हाल सुरू झाले. चाळीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या इमारतींसाठी पत्र्याचे हवेचे नळ बनवले होते. रिकामे हात त्यांना सोसवेनात. तेवढ्यात सून बोलून गेली, "बाबा, सगळ्यांचे फोटो घरातच एका संगणकावर ठेवायचेत. सहा डिस्क लागतील, पण या जुन्या कॅबिनेटमध्ये दोनच मावतात."

"पत्राच आहे ना तो? मग मावतील की!"

शनिवारी सकाळीच काकांनी व्हरांड्यात कॅबिनेट आडवं पाडलं. चार डिस्कांचा कप्पा वाकवून आत बसवला. पंख्यासाठी भोक पाडलं, ते मोठं झालं. म्हणून त्यावर चकती लावली. चकती थरथरू लागली, म्हणून तिला पट्टी मारली. पट्टी झाकणाला आडवी आली, म्हणून झाकण कापलं. आता झाकणाचे स्क्रू कुठेच बसेनात.

स्क्रूवर काकांचा विश्वास नव्हताच. "आज घट्ट, उद्या सैल. माझा रिव्हेट एकदा बसला की बसला!" जेवण आटोपून त्यांनी रिव्हेट गन उचलली आणि कॅबिनेट चारही बाजूंनी शिवून टाकलं. एकशे बारा रिव्हेट, अगदी ओळीत.

सून बघतच राहिली. "बाबा, काम झकास झालंय. पण हे उघडायचं कुठून?"

"उघडायचं कशाला?"

"वायरी जोडायच्यात ना अजून!"

"आणि माझी डिस्क?" काकूंनी दारातून विचारलं.

काकांचा चेहरा उतरला. काकूंची डिस्क मापाला म्हणून त्यांनी सकाळी वरच्या कप्प्यात ठेवली होती. बावीस वर्षांचे फोटो आणि प्रत ही एकच. दुसऱ्या दिवशी काकूंच्या धाकट्या बहिणीच्या साठाव्या वाढदिवसाला ते दाखवायचे होते.

सुनेने पंख्याच्या भोकातून हात घातला. तो अडकला. साबण लावून सोडवावा लागला.

"रिव्हेट काढा ना, बाबा."

"माझा रिव्हेट आजवर कुणी काढलेला नाही. बहिणीला म्हणावं, फोटो पुढच्या वर्षी बघ."

काकू खुर्ची भिंतीकडे फिरवून बसल्या.

काकांनी ती पाठ दोन मिनिटं पाहिली आणि ड्रिल उचललं. पत्र्याचा कीस आत पडू नये म्हणून कॅबिनेट दोन स्टुलांवर उपडं ठेवलं आणि स्वतः खाली उताणे झोपून एकेक रिव्हेट काढू लागले. प्रत्येकाला "हाय रे!" काकूंची खुर्ची हळूहळू इकडे वळली. दिवेलागणीला झाकण निघालं. वरचा कप्पा रिकामा!

"अगं, गेली कुठे?"

काकूंनी शिवणाच्या डब्यातून डिस्क काढली. "तुम्ही जेवायला बसलात तेव्हाच उचलली. तुमच्या कापाकापीत ठेवतेय होय!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला आठवतंय का बघावं म्हणून विचारलं, तर तुमचा हट्टच; राग आला. मग तुम्ही ड्रिल उचललंत. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी तुम्ही हट्ट सोडलेला कधी बघितला नव्हता. म्हटलं, पोटभर बघून घ्यावं."

वाढदिवस थाटात झाला. फोटो बघून बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला. ती आता लेकीकडे राहते. सुनेने तयार कॅबिनेट विकत आणलं, ते अजून चालतंय. काकू मागच्या वर्षी गेल्या. त्यानंतर एकदा काका सुनेला सहज म्हणाले, "पन्नासावा रिव्हेट काढला ना, तेव्हाच फटीतून दिसलं होतं मला. कप्पा रिकामा होता."

"अहो बाबा! मग पुढचे बासष्ट कशाला काढलेत?"

"ती बघत होती ना."