बिरादार सरांची आफ्रिका

आमच्या लातूरच्या कॉलेजात बिरादार सर राज्यशास्त्र शिकवायचे. 'आंतरराष्ट्रीय संबंध' या पेपरात आफ्रिका जेमतेम अर्ध्या पानाची. सर तिला दोन महिने द्यायचे. पोरं कुरकुरायची, "सर, हे परीक्षेला येत न्हाई." सर शांतपणे म्हणायचे, "परीक्षेला न्हाई आलं म्हणून ते लोक विचार करायचे थांबले का?"

मी मराठीचा. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, त्यामुळे चहाबरोबर मलाही घाना आणि टांझानिया मिळायचे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कॉलेजात पेढे वाटले. सरांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "हद्द ठरवताना तिथल्या माणसाला कोणी इचारलं का?" त्यांचं गाव जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिलं होतं. मधल्या ओढ्याच्या अलीकडचं गाव मात्र आमच्या लातूर जिल्ह्यात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला, विहिरी आटल्या. अलीकडच्या गावात रोज टँकर. सरांच्या गावाचा टँकर लांब उस्मानाबादहून निघायचा आणि बहुतेक वेळा पोचायचाच नाही. सर मला घेऊन आमच्या जिल्ह्याच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाले, "गाव आपल्या यादीत न्हाई, सर. लेखी द्या."

सरांनी पिशवीतून नऊ पानी अर्जच काढला. त्यात लिहिलं होतं: आफ्रिकेच्या हद्दी परक्यांनी आखल्या. स्वतंत्र झाल्यावर तिथल्या नेत्यांनी त्या पुसल्या नाहीत, पुसताना रक्त सांडलं असतं. पण हद्दी ठेवूनही सगळ्या खंडानं एकमेकांना धरून राहावं, असा विचार त्या नेत्यांनी मांडला. तिसऱ्या पानावर कारकुनांनी घाम पुसला.

"सर, ह्यात टँकर कुठं हाय?"

"सातव्या पानावर."

मी बाहेरच्या बाकावर बसून चार ओळींचा अर्ज लिहिला. "लई कोरडा झाला," म्हणत सरांनी सही केली. चौथ्या दिवशी टँकर ओढा ओलांडून गेला.

आम्ही दोघं तो पाहायलाच गेलो होतो. घागरींची झुंबड उडाली होती. मी विचारलं, "सर, आपल्या लायब्ररीत आफ्रिकेवर एक पुस्तक नाही. तुम्ही हे शिकलात कुठं?"

"होस्टेलात. हैदराबादला माझ्या खोलीत टांझानियाचा जुमा होता. भात शिजेपर्यंत भांडायचो आम्ही. मी म्हणायचो, जगाचं राजकारण म्हणजे दोन बड्या देशांचं भांडण. तो म्हणायचा, मग आम्ही कोण?"

"आता कुठं असतात ते?"

"गेल्यावर एक पत्र आलं. मी अजून पत्रं लिहितो. उत्तर न्हाई."

सरांनी पुढची घागर टँकरखाली सरकवली. मग हलकेच म्हणाले, "त्याचं म्हणणं मला तवा पटलं न्हाई. पटलं तवर तो निघून गेला होता. मग पोरांनाच सांगत बसतो."