कणगीतली बाटली

पुनावळ्याचे पोलीसपाटील उद्धवराव आपल्या मुलासाठी रंभाला बघायला येणार, असा निरोप कासारवाडीत पोचला, तेव्हा कौशल्याबाईंनी आधी माजघरातल्या कणगीकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे.

"अवो, ती सटवी आधी घरातनं भायेर काढा."

"सटवी म्हनू नगंस," हिंदुराव म्हणाले. "मान दे जरा. वय झालंय तिचं."

ती म्हणजे बाटली. हिंदुराव दुसऱ्या महायुद्धात हवालदार होते आणि पलटणीबरोबर थेट इटलीपर्यंत जाऊन आले होते. तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल ओढ्याच्या चिखलात रुतला होता. हिंदुरावांनी चार जवान लावून तो बाहेर ओढला. म्हाताऱ्यानं त्यांना हाताला धरून तळघरात नेलं आणि पिंपातली लाल वाइन पेलाभर पाजली. अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी टाळूला चिकटते, तशी ती चिकटली. हिंदुरावांचं वाकडं झालेलं तोंड बघून म्हातारा पोट धरून हसला. मग त्याच पिंपातली एक बाटली भरून, वर बूच ठोकून, त्यानं ती त्यांच्या हातात दिली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. घरी एवढीशी लेक आहे, म्हणून हिंदुरावांनी कमरेएवढा हात धरून दाखवला होता. म्हाताऱ्यानं तोच हात उचलून खांद्यापर्यंत नेला, बाटलीकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले. लेक एवढी होईतो हिला झोपवून ठेव.

हिंदुरावांना एवढं समजलं. बाकीचं पलटणीतल्या एका साहेबानं समजावलं. आणि पुढं दहा वर्षं ते सगळं हिंदुरावांनी कासारवाडीला समजावलं. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना झाला, त्याच्या फाटकावर ते राखणदार होते, तिथंही पाळी बदलायच्या वेळी त्यांच्याभोवती कोंडाळं जमायचं.

"बाटलीत घातली म्हंजी वाइन मरत न्हाई," ते सांगायचे. "वय खाती ती. आदी जांभळी असती. मग मानकावानी व्हती. मग कडंनं इटकरी दिसाया लागती. जिभंला जे टोचतं ते खाली बसतं, त्याचा गाळ व्हतो. वर ऱ्हातं ते निसतं शानपन."

पुढं दारूबंदी आली आणि लोखंडी पेटीतली बाटली रातोरात कणगीतल्या ज्वारीच्या पोटात गेली. तिथं अंधार होता, गारवा होता आणि आडवं झोपायची सोय होती. सरकारनं बंदी केली नसती तर बाटली पेटीत उभी राहून बूच सुकलं असतं आणि वाइन आंबून गेली असती, असं हिंदुरावांचं ठाम मत होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी ते सरकारला मानत.

पण पाहुणा साधासुधा नव्हता. पवनेच्या काठानं जेवढ्या हातभट्ट्या लागल्या, तेवढ्या उद्धवरावांनी लाथेनं उलथल्या होत्या. आयुष्यात त्यांनी थेंब घेतला नव्हता. पण बांधावरून जाता जाता कुणाच्या गोठ्यात नवसागर शिजतोय हे त्यांचं नाक सांगायचं. अख्ख्या मावळात त्या नाकाचा दरारा होता.

"शेजारी चिमाजीभावजींकडं ठिवा दोन दिस," कौशल्याबाई म्हणाल्या.

"चिमाजीकडं? तरनीच जाईल बिचारी," हिंदुराव म्हणाले. "अगं, पाटील काय कणगीत डोकं घालनार हाय व्हय?"

पाटलांनी घातलं नाही. घातला तो पाटलीणबाईंनी, आणि डोकं नव्हे, हात.

बघण्याचा कार्यक्रम फार छान चालला होता. शेजारचा चिमाजी मुलीकडचा माणूस म्हणून टोपी घालून बसला होता. रंभानं पोहे दिले, विचारलं तेवढ्याला खाली मान घालून पण नीट उत्तर दिलं. उद्धवरावांच्या पत्नी सुमनताई पोरीवर खूश दिसत होत्या. उठून घर बघता बघता त्या माजघरात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ज्वारीचं नाव लई ऐकलंय. बघू बरं दाना."

पाहुण्यांच्या जेवणासाठी दोन पायल्यांचं दळण काढलं होतं, त्यामुळं कणगीतली ज्वारी चांगली खाली गेली होती. कौशल्याबाई "म्या देते की काढून" म्हणेपर्यंत सुमनताईंचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"अगं बाई, हे काय लागलं?"

आणि मानेला धरून त्यांनी बाटली वर काढली. सोप्यात बसलेल्या उद्धवरावांना दारातून ती लख्ख दिसली.

"तेल हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"औषध हाय," त्याच क्षणी हिंदुराव म्हणाले.

"काकवी," असं चिमाजीच्याही तोंडून निघून गेलं होतं.

उद्धवरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तिगंजन तीन बोलताय. हाय तरी काय?"

"औषधच," चिमाजीनं सावरून घेतलं. "कारखान्यातलं. हवालदार तिथंच हायेत न्हवं का!"

"म्हंजी राखनदारच कारखान्यातनं बाटल्या घरी आनतो?"

हिंदुराव घाईनं पुढं झाले. "न्हाई न्हाई पाटील, तसलं काय न्हाई. पलटनीतलं औषध हाय हे. जुनं. गुडघ्यावरचं."

"गुडघ्यावरचं?" सुमनताई एकदम खाली बसल्या. "मग माज्या गुडघ्याला जरा लावा की! जिना चढवत न्हाई मला."

आता उघडल्यावाचून गत्यंतर नव्हतं. चिमाजीनं घरून स्क्रू आणि पक्कड आणली आणि बाटली दोन पायांत दाबून तो बुचाशी झोंबायला लागला. हिंदुरावांनी दहा वर्षं या घडीची वाट बघितली होती. ती अशी चिमाजीच्या पायांत येईल असं वाटलं नव्हतं.

"हळू! हलवू नगंस! गाळ वर यील!" ते ओरडले.

"औषध तर हलवून घ्यायचं असतं," उद्धवराव म्हणाले.

"हे न्हाई हलवायचं."

बूच निघालं ते दोन तुकडे होऊन. हिंदुरावांनी बाटली हिसकून घेतली आणि धार तुटू न देता, बाळाला पाजावं तसं, तांब्यात ओतायला लागले. तळाशी गाळ दिसला तसा त्यांनी हात थांबवला. पितळेच्या तांब्यात कडेनं विटकरी रंग चढला होता, अगदी साहेबानं सांगितला होता तसा. घरभर एक वास पसरला, मनुकांचा, जुन्या लाकडाचा, ओल्या मातीचा. हिंदुरावांचे डोळे भरून आले. वासानं भट्टीची आठवण व्हावी असं त्यात काहीच नव्हतं. तरी कौशल्याबाईंनी देवाकडे तोंड केलं.

सुमनताईंनी ओंजळभर घेतली आणि गुडघ्यावर खसाखसा चोळली. हिंदुरावांनी मान फिरवली. त्यांच्याच्यानं बघवेना.

"गार वाटतंय," सुमनताई म्हणाल्या.

"आना इकडं," उद्धवराव म्हणाले.

त्यांनी तांब्या नाकाशी धरला. पाटलांनी एकदा हुंगलं, मिशी बाजूला करून पुन्हा हुंगलं. मग एक घोट तोंडात घेऊन घोळवला आणि गिळला.

"ही दारू न्हाई," त्यांनी निकाल दिला. "दारूला जाळ असतो. हिच्यात जाळ कुठाय?"

"मी तेच म्हनत व्हतो," चिमाजी म्हणाला. कौशल्याबाईंनी पदरानं घाम टिपला.

"पन औषध बी न्हाई." पाटील आता हसत होते. "आमसुलाचं पानी हाय हे, जुनं. कुनीतरी फशिवलं तुमाला, हवालदार!"

नुसती मान हलवायची होती. सोयरीक जमल्यातच जमा होती, अब्रू वाचली होती. कौशल्याबाई डोळ्यांनी "हलवा, हलवा" म्हणत होत्या. पण हिंदुरावांची मान हलेना. आमसुलाचं पाणी! दहा वर्षं जिवापलीकडे जपलं, ते आमसुलाचं पाणी? उद्या कासारवाडीत हेच बोललं जाणार. आणि तिकडं त्या म्हाताऱ्यानं आपल्याला फसवलं म्हणायचं?

ते उठून उभे राहिले. छाती आपोआप पुढं आली.

"पाटील, ही दारूच हाय. अस्सल. इटलीची."

हिंदुरावांनी बैलापासून बुचापर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हिला बी जाळ व्हता. मी सोता चाखलाय. वयानं गेला तो. लिहा पंचनामा."

उद्धवरावांचा चेहरा कडक झाला. पण तो हिंदुराव खोटं बोलले म्हणून नाही.

"हवालदार, हे नाक आजवर चुकलेलं न्हाई. ही दारू न्हाई."

"माजी बाटली खोटी न्हाई पाटील. दारूच हाय."

"थांबा, पुन्ना बगतो." पाटलांनी दुसरा घोट घेतला. "न्हाई. ह्याला मनुकांचा वास हाय."

"तेच तर! आनि मागनं?"

पाटलांनी तिसरा घोट घेऊन डोळे मिटले. "मागनं... जुन्या संदुकीवानी. आमच्या आयचं लुगडं ठिवलेलं असायचं, तसली."

"जिभंला टोचतंय का कुठं?"

"टोचतंय कुठलं? लोन्यावानी मऊ हाय."

"मऊ!" हिंदुरावांना आनंद आवरेना. "चिमाजी, ऐकलंस का? मऊ झाली! मग तर ही दारूच हाय!"

"मऊ हाय म्हनूनच न्हाई!" पाटील गरजले आणि खात्री करायला पुन्हा तांब्या तोंडाला लावला.

असा वाद चालला. सोयरिकीचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. एकाला नाकाची इज्जत राखायची होती, दुसऱ्याला बाटलीची, आणि प्रत्येक मुद्द्याला पुरावा म्हणून पाटलांच्या घशाखाली एक घोट जात होता. पाटलांचा फेटा हळूहळू डाव्या कानाकडं कलला. आवाजात लाडिकपणा आला. अखेर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"हुं दे तुमच्या मनासारकं! करतो पंचनामा. मुद्देमाल हजर करा!"

सगळ्यांनी तांब्यात वाकून बघितलं. तांब्या कोरडा होता.

"मुद्देमाल तुमच्या पोटात हाय," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "आनि थोडा माज्या गुडघ्यावर."

पंचनामा लिहायचा तर पिणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव घालायचं, हे पाटलांच्या हळूहळू लक्षात येत होतं. पाटील तिरमिरीत उठून गाडी जुंपायला सांगणार, असं वाटत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून रंभा बोलली. मुलगी बघायला आलेल्यांपुढं असं आपणहून बोलायची रीत नव्हती. पण तिच्याच्यानं राहवलं नाही.

"दादा बी खरं बोलले आनि पाटीलमामांचं नाक बी खरं हाय," बापाकडं बघत ती म्हणाली. "घरात आली तवा ती दारूच व्हती. पन दहा वर्सं आमच्या आयच्या नजरंखाली ऱ्हायली. सुदारली."

सुमनताई फिसकन हसल्या, आणि पाठोपाठ पाटील असे हसले की फेटा सुटून खांद्यावर आला.

"सुदारली! ह्ये बराबर हाय. सुदारली!" त्यांनी डोळे पुसले. "काय गं, ही पोर आपल्या घरात आली तर?"

"तर तुमी बी सुदाराल," सुमनताई म्हणाल्या आणि त्यांनी कौशल्याबाईंकडं कुंकवाचा करंडा मागितला.

सुपारी फुटली. पाटलांची गाडी पुनावळ्याच्या वाटेला लागली. जाताना पाटील बैलांशी अतिशय अदबीनं बोलत होते. गाडी दिसेनाशी होताच हिंदुराव लगबगीनं माजघरात आले. एवढ्या गडबडीत त्यांनी स्वतः एक थेंबसुद्धा चाखला नव्हता. बाटलीच्या तळाशी गाळाबरोबर घोटभर तरी राहिली होती, ती त्यांनी नजरेत धरून ठेवली होती.

बाटली खिडकीत उभी होती. लखलखीत.

"राखंनं दोनदा घासली तवा निघाली," कौशल्याबाई म्हणाल्या. "बुडाशी मेला केवडा गाळ! लई ग्वाड बाटली हाय. करडईचं त्याल भरलंय तिच्यात."

हिंदुरावांनी बाटली नाकाशी धरली. करडईचाच वास आला.

लग्न माघात झालं, पुनावळ्याला. जेवणं आटोपल्यावर मांडवात पाटलांचे सोयरेधायरे पान लावत बसले होते आणि मध्ये उद्धवराव सांगत होते. हिंदुराव जरा मागं बसून ऐकत होते.

"दारू न्हवती ती, आदीच सांगतो. सुदारल्याली व्हती," पाटील म्हणाले. "वय खाल्लं व्हतं तिनं. आदी मनुका येत्यात. मंग जुनी संदूक. आनि शेवटाला जीभ अशी मऊ व्हती, की मान्साला कुनाला रागं भरावंच वाटत न्हाई. हे काय कुनाच्या बी घरी व्हत न्हाई. त्याला घरच तसलं लागतं. आमच्या याह्यांचं!"

माणसं माना डोलवत होती. एका म्हाताऱ्यानं मागं वळून विचारलं, "काय हवालदार, खरं हाय का? तुमाला कशी लागली?"

सगळा मांडव हिंदुरावांकडं बघायला लागला. त्यांनी सावकाश मिशीवरून हात फिरवला.

"पाटलांनी सांगितली," ते म्हणाले, "त्याच्यापरीस जरा बरीच."