विहीणबाईंचे हत्ती

आमच्या कळंबच्या सुमनकाकू मोबाइलमधल्या सैन्याला 'स्थळ' म्हणतात. "हे घोडदळाचं स्थळ बगा," म्हणून चष्मा कपाळावर सरकवतात आणि त्या बिचाऱ्या घोडेस्वाराची अशी चौकशी सुरू करतात, की जणू तो पुढच्या महिन्यात बोहल्यावर चढणार आहे.

सवयच ती. तालुक्यातली निम्मी लग्नं काकूंनी जमवली आहेत. जावयानं त्यांच्या फोनमध्ये एक लढाईचा खेळ घालून दिला आणि उमरग्याला स्वतःच्या आईच्या फोनमध्येही घातला. दोघी विहिणींना बोलायला एखादा विषय असावा, एवढाच त्याचा हेतू. खेळात पाच राज्यं, आणि प्रत्येकाकडं दुसऱ्या कुणाकडं नसलेली एक खास पलटण. आज एकीनं चाल करायची, उद्या दुसरीनं.

मी शेजारी, म्हणून माझी नेमणूक सल्लागार म्हणून झाली. सल्ला अर्थात त्याच द्यायच्या. चिलखती घोडेस्वार दिसायला राजबिंडा, पण चढ लागला की दमतो. उंटावरचे तिरंदाज निर्व्यसनी, पाण्यावाचून राहतात, पण शत्रू अंगाशी आला की गडबडतात. आरमाराचं घराणं मोठं, पण सगळा संसार पाण्यात, आपल्या पोरीला सोसायचा नाही. हत्ती म्हणजे बडं घर. समोर काही शिल्लक ठेवत नाहीत, फक्त मागं वळायला दोन चाली खातात. राहिले डोंगरी राज्याचे गोफणवाले. त्यांच्या अंगावर धड कपडा नसल्यामुळं काकू त्यांची पत्रिकाही बघायला तयार नव्हत्या.

विहीणबाई कायम हत्ती घ्यायच्या आणि कायम जिंकायच्या. काकू पडल्या मुलीकडच्या. निवड आधी विहीणबाईंची, पहिली चाल विहीणबाईंची. चुकून त्यांचं एखादं गाव जिंकलंच, तर काकू तातडीनं उमरग्याला फोन करून राग मानू नका म्हणायच्या आणि पुढच्या चालीला गाव परत करायच्या. असं युद्ध मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

यंदा मात्र त्या पेटल्या. त्यांची वैशाली लग्नानंतर एकदाही नागपंचमीला माहेरी आली नव्हती. ऐन सणाला विहीणबाई घरात काहीतरी काम काढायच्या. काकूंनी फोनवर सांगून टाकलं, हा डाव मी जिंकले तर लेक पंचमीला कळंबला. विहीणबाईंनी हसत हसत कबूल केलं.

काकूंनी सगळी स्थळं नव्यानं तपासली आणि गोफणवाल्यांवर बोट ठेवलं. मी चमकलो.

"बाकीचे समदे मारायला जात्यात आन् तिथंच मरत्यात," काकू म्हणाल्या. "ह्यो एकटाच मारून घरी परत येतोय. असल्याला म्या डोळं झाकून पोरगी दिली असती."

उमरग्याचे हत्ती डोलत डोलत घाटात शिरले. वरून दगड सुरू झाले. हत्तीनं वळायला घ्यावं, तोवर गोफणवाला दगड मारून कड्याआड पसार. दिवसाआड एकेक हत्ती बसत गेला आणि शेवटी राजधानी उघडी पडली. तिथं काकूंचं बोट थबकलं. मुलाकडच्यांची राजधानी घ्यायची कशी? मी फक्त "पंचमी" म्हणालो. काकूंनी डोळे मिटले आणि बोट टेकवलं.

फोनमध्ये तुतारी वाजली. काकू पदर खोचून, फोन झेंड्यासारखा उंच धरून गल्लीत उतरल्या. घरोघर पेढे गेले. कुठलं राज्य पडलं हे कुणालाच कळलं नाही, पण अख्खी गल्ली खूश होती. मला तर आपणच गड घेतल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. काकूंनी सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला.

"जिंकला तुमी. पाठवते पोरीला," विहीणबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "ती गेली की घर खायला उठतंय हो, म्हणून अडवत हुते. मला कुठं कोण न्यायला येतंय आता? भाऊ गेला, तवाच माहेर संपलं."

काकूंनी घाईघाईनं आवाज बारीक केला. मग त्या म्हणाल्या, "तुमची बी पिशवी भरून ठिवा. न्यायला मीच येते."

पंचमीच्या आदल्या दिवशी पिशव्या घ्यायला मी स्टँडवर गेलो. काकू एसटीतून उतरल्या, मागून वैशाली, तिच्यामागून विहीणबाई, जरा अवघडलेल्या. रसवंतीवाल्यानं विचारलं, लेक आली वाटतं, आणि ह्या कोण?

"ह्या बी माहेराला आल्यात," काकू म्हणाल्या.

घर येईपर्यंत विहीणबाईंनी काकूंचा हात सोडला नाही.