भला मोठा लॅपटॉप आणि काचेचं कपाट

लॅपटॉप घ्यायला गोदामाचे हेडक्लार्क साहेब दुकानात शिरले तेव्हा चांगल्या मूडमध्ये होते. बिघडलं ते बायकोमुळे. (नेहमी तिच्यामुळेच बिघडतं. निदान ते तरी तसंच सांगतात, आणि आपण कशाला मध्ये पडा!)

"अहो, लॅपटॉप छोटा घ्या आणि चष्मा मोठा घ्या," ती म्हणाली. तेही दुकानदारासमोर.

झालं! गोदामातली मंडळी या माणसाला मागून 'फणकारराव' म्हणतात ते उगाच नाही. 'साहेब, चहा निवला' म्हटलं तरी त्यात त्यांना आपला अपमान दिसतो. इथे तर सरळ डोळ्यांवरच घाला.

"चष्मा? मला? अहो, सगळ्यात मोठा कुठला असेल तो काढा!"

दुकानदारानं काढला आणि उघडला, तर त्याच्यामागे दुकानदारच दिसेनासा झाला. फणकाररावांनी तिथल्या तिथे तो पसंत केला.

घरी आल्यावर बायकोनं तो उचलून पाहिला. "हा मांडीवर घ्यायचा तर आणखी एक मांडी शेजाऱ्यांकडून मागून आणावी लागेल."

"रोजच्या कामाला असाच लागतो!" फणकारराव कडाडले. "अक्षर बघ कसं टपोरं दिसतंय! आकड्यांची बटणं बघ, वेगळी दिलीत! डावीकडे एक काम, उजवीकडे दुसरं, दोन्ही एका वेळी! तुझ्या त्या छोट्यात एक उघडलं की दुसरं गडप."

"आणि ऑफिसला कसा नेणार? बॅगेत जात नाहीये."

"तो दोष बॅगेचा आहे."

वायर काढली की चहाला उकळी फुटायच्या आत बॅटरी धापा टाकायची. तो दोष त्यांनी विजेवर ढकलला. स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचं मूल यांत माणसाला दोष दिसत नाही, हेच खरं.

पण खरा मामला वेगळाच होता. गोदामाच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली होती, मुलाखत मोठे साहेब लॅपटॉपवरच घेणार होते, आणि त्या जागेसाठी विक्री खात्यातला एक गोडबोल्याही टपून बसला होता. त्याला काम फणकाररावांनीच शिकवलेलं! उद्या त्यालाच 'साहेब' म्हणायचं? नुसत्या कल्पनेनं त्यांचे कान लाल व्हायचे.

"तुम्ही चिडलात की जीभ सुटते," बायको म्हणाली. "उत्तरं मी टाइप करून देते. तेवढीच बोला."

एरवी ते उसळले असते. पण या निमित्तानं लॅपटॉपचा मोठेपणा सिद्ध होत होता! डावीकडे साहेब, उजवीकडे उत्तरं, तीही बोटाएवढ्या अक्षरांत. छोट्यावर हे जमलं असतं का?

बॅटरीचा भरवसा नाही म्हणून टेबल प्लगजवळ सरकवलं. प्लगजवळ बसल्यावर कपबशांचं काचेचं कपाट नेमकं पाठीमागे आलं. पार्श्वभूमी कशी घरंदाज दिसते, असं म्हणत फणकाररावांनी केसांवर कंगवा फिरवला.

मुलाखत सुरू झाली. मोठे साहेब एकेक प्रश्न विचारत होते आणि फणकारराव उजवीकडे नजर टाकून असं काही सुरेख बोलत होते, की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बायकोलाही क्षणभर वाटलं, हा माणूस कोण?

"हाताखालच्या माणसाची चूक झाली तर काय कराल?" साहेबांनी विचारलं.

"मी आधी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेईन," फणकारराव म्हणाले आणि थांबले.

"पुढे लिहिलंय, 'इथे हसावं,'" साहेब म्हणाले. "हसायचं राहिलं तुमचं."

फणकाररावांची नजर उजवीकडून डावीकडे उडाली. "कुठे... लिहिलंय?"

"तुमच्या मागच्या कपाटात. अक्षरं उलटी दिसताहेत, पण माझी अर्धी नोकरी दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद उलटे वाचण्यातच गेली. छोटा लॅपटॉप असता तर तुमच्या पाठीआड झाकला गेला असता. हा दोन्ही खांद्यांवरून बाहेर डोकावतोय."

फणकाररावांनी गर्रकन मागे पाहिलं. काचेत, कपांच्या रांगेवर, बायकोची सगळी अक्कल झळकत होती.

"हा सरळसरळ अन्याय आहे!" ते गरजले. "लोकांच्या घरातली कपाटं वाचायची?"

"त्याच्या खाली लिहिलंय, 'इथे चिडू नये.'"

"मी चिडलेलो नाही!!" खुर्चीतून ते असे उठले की कपबशा किणकिणल्या.

साहेब पुढे वाकले.

"एक सांगा, हा लॅपटॉप कुठला? काचेत, तोही उलटा, इतका स्वच्छ दिसतो! नव्या मॅनेजरच्या टेबलावर असाच ठेवायचा आम्ही ठरवलं."

फणकाररावांचा राग पार विरघळला. छाती फुगली. "म्हणजे साहेब... निवड झाली?"

"झाली ना. लॅपटॉपची झाली. उद्या तो विक्री खात्यातल्या तुमच्या शिष्याला जरा चालवायला शिकवाल का? तुमच्याइतका या यंत्राचा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही."