दाढ आणि डावी बाही

हिचा स्वेटर गेल्याचं मला कळलं, त्या दिवशी मी फार शांत होतो. इतका शांत, की स्वेटर माझ्यापासून हातभर अंतरावरून उचलला जात होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात फिटिंग मास्तर आहे. पुढे आरसे, दिवे आणि हसरी माणसं. मागे, कपडे बदलायच्या खोल्यांच्या पलीकडे, एक शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि मी. तयार कपडे कुणाच्याच अंगाला तयार नसतात, म्हणून माझी चूल पेटते. पँटचे पाय कमी कर, कंबर सैल कर, बाही वर घे, हे माझं काम. माझ्या टेबलाचा एक नियम आहे. भिंतीकडच्या टोकाला व्हायचे कपडे, दाराकडच्या टोकाला झालेले कपडे. दाराकडचं कुणीही न विचारता उचलून न्यावं. नियम मीच केलेला आहे आणि तो मोडला म्हणून मी पुष्कळांवर ओरडलोही आहे.

आमची ही विणायची. "तुमचं काय, दुसऱ्यानं केलेलं कापायचं," असं मला ऐकवायची. "आम्ही नुसत्या दोऱ्यातून माणूस उभा करतो." मागच्या थंडीत तिनं माझ्यासाठी राखाडी स्वेटर विणायला घेतला होता. अंग झालं, गळा झाला, उजवी बाही झाली. डावी बाही चार बोटं झाली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. निघताना तिनं सुईवरचे टाके एका मोठ्या पिनेत ओवून ठेवले. "पिनेला हात लावू नका हं," म्हणाली, "आल्यावर करते." ती आली नाही.

पिन निघाली की टाके सुटतात आणि टाके सुटले की बाही उसवत जाते, एवढं विणकाम मला कळतं. तेवढंच कळतं. त्यामुळे तो स्वेटर मी कापडी पिशवीत घालून रोज कामावर नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. घरी एकटा कसा ठेवायचा? मालकांनी एकदा विचारलं, "मास्तर, डबा मोठा झालाय का तुमचा?" मी म्हणालो, "हो, भूक वाढलीय."

मुलगी दुसऱ्या गावी असते. माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तिला सगळं समजतं. हा गुण आईचा.

"बाबा, झोप लागते का?"

"लागते की."

"खोटं."

"मग विचारतेस कशाला?"

"दुपारी कामाच्या मध्येच थोडा वेळ डोळे मिटून बसत जा. काही करायचं नाही. नुसतं डोंगरासारखं स्वस्थ बसायचं."

"नुसतं बसायला मला शिकवतेस? तुझ्या आईची आयुष्यभर तीच तक्रार होती."

"ते वेगळं हो. हे ध्यान. आवाज येईल, विचार येईल. येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. धरायचा नाही, ढकलायचा नाही."

"एवढंच ना? या कामात तर माझा कुणी हात धरणार नाही. उद्यापासून बघ, डोंगर बनतो."

तो उद्या नेमका सेलचा पहिला दिवस निघाला. माणसं कपड्यांवर अशी तुटून पडली, की सकाळपर्यंत सगळे उघडेच हिंडत होते असं वाटावं. माझ्या टेबलावर भिंतीकडे पँटींचा ढीग छातीपर्यंत आला. त्यात काउंटरवरची मुलगी. तिला आम्ही तोफ म्हणतो. ती आत डोकावते आणि डागून जाते.

"मास्तर, त्या दातांच्या डॉक्टरांच्या स्वेटरचं काय? बाह्या आखूड करायच्यात. त्यांच्या दवाखान्यातली बाई न्यायला आलीय."

"होतोय."

"होतोय म्हणजे चाललाय की झालाय?"

"होतोय म्हणजे तू गेलीस की होईल."

डॉक्टरांचा स्वेटरही राखाडीच होता. त्या रंगात अर्धं जग हिंडतं. मी बाह्या कापल्या, वर घेतल्या, मनगटाची पट्टी परत बसवली आणि दोरा तोडला. तोवर डोकं असं भणभणत होतं, की मशीन बंद करूनही आवाज चालूच. शिवाय चार दिवसांपासून जुनी दाढ पुन्हा ठणकत होती. मी ठरवलं, डोंगर बनायची वेळ हीच.

तोफेला हाक मारून सांगितलं, "मी आता डोंगर बनून ध्यानाला बसतोय. हाक मारायची नाही. डॉक्टरांचा स्वेटर आवाज न करता घेऊन जा."

"मास्तर, तुम्ही आणि ध्यान?"

"आवाज न करता म्हटलं ना."

खुर्ची दाराकडे ओढली. पिशवीतून हिचा स्वेटर काढून मांडीवर घेतला. म्हटलं, हिच्या सोबतीनं बसू. पण मुलीनं सांगितलं होतं, तळहात गुडघ्यांवर, वरच्या बाजूला उघडे. तसे ठेवले की स्वेटर घसरायचा. स्वेटर धरला की ध्यान घसरायचं. शेवटी मी तो नीट घडी करून, पिन आतल्या बाजूला ठेवून, हाताशी टेबलावर ठेवला. हाताशी म्हणजे दाराकडच्या टोकाला. डॉक्टरांचा अजून मशीनवरच पडलेला होता. हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मी डोळे मिटले होते.

पहिल्यांदा पँटींचा विचार आला. येऊ दिला. गेला. मग दाढ ठणकली. येऊ दिली. ती जाईना. "दाखवून या एकदा," असं ही किती महिने म्हणत होती, ते आठवलं. तेही येऊ दिलं. मग दाराशी काहीतरी सळसळलं. पूर्वी मी लगेच मान वळवली असती. आता नाही. आवाज आला, येऊ दिला. आवाज गेला, जाऊ दिला. मला फार बरं वाटलं. जमतंय की, म्हटलं.

पुष्कळ वेळानं डोळे उघडले. समोर मशीनवर राखाडी स्वेटर होता. मी उचलला. त्याला डावी बाही होती. खांद्यापासून मनगटापर्यंत पूर्ण.

तुम्ही हसाल. हसा. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते वाटलं. ही येऊन गेली, असं वाटलं. आल्यावर करते म्हणाली होती आणि मी डोळे मिटून बसलो असताना येऊन करून गेली. मला उठवलं नाही, कारण मी झोपलो की ती कधीच उठवायची नाही. मी तो स्वेटर तोंडाशी धरला.

त्याला लवंगेच्या तेलाचा वास होता.

मग मनगटाची पट्टी पाहिली. माणूस स्वतःचा टाका ओळखतो. टाका माझा होता, दोराही माझा. मी दाराकडच्या टोकाला पाहिलं. टेबल मोकळं होतं.

काउंटरपर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही. तोफ बिलं फाडत होती.

"स्वेटर कुठाय?"

"दिला की. ती बाई घेऊन गेली. बघा, तुमचं ध्यान मोडलं नाही ना? मी चपला हातात घेऊन आले होते."

"अगं, एक बाही नव्हती त्याला. दिसलं नाही?"

"घडीत बाह्या कोण मोजतं? दाराकडचा होता, उचलला. नियम तुमचा आहे."

"आणि पिन?"

"मास्तर, तुमच्या कुठल्या कपड्यात पिन नसते? एका गिऱ्हाइकाला तर ती खाली बसल्यावर सापडली."

डॉक्टरांचा स्वेटर पिशवीत कोंबला आणि निघालो. दवाखाना मागच्याच गल्लीत. मालक दारात म्हणाले, "मास्तर, आज? आत्ता?" मी म्हणालो, "दाढ." खोटं नव्हतं. पळताना प्रत्येक पावलाला ती ठणकत होती आणि मी गाल हातात धरून पळत होतो. एकच गोष्ट डोक्यात होती, कुणी पिन काढू नये.

दवाखान्यातल्या बाईनं माझा गाल पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"आलात? पुढचा पेशंट आलाच नाही, डॉक्टर रिकामेच बसलेत. चला, चला."

"नाही, मी स्वेटरसाठी..."

"राहू द्या हो स्वेटर. नुसतं तोंड उघडायचंय."

डॉक्टर आडव्या अंगाचे. त्यांनी मला खुर्चीत ढकललं, खुर्ची मागे पाडली, गळ्याखाली कापड लावलं. मी तोंड उघडलं ते बोलायला. पण त्या खुर्चीत तोंड उघडलं, की पुढचं सगळं त्यांच्या हातात.

"अरे वा. ही दाढ किती दिवस पाळलीत? काढावीच लागेल."

मी हात वर केला.

"सगळेच करतात," म्हणाले आणि सुई टोचली. "आता बधिर होईपर्यंत हलायचं नाही. शांत पडा. दीर्घ श्वास घ्या. मन मोकळं करा."

आज ज्याला त्याला मला शांतच करायचं होतं. जीभ जाड झाली, ओठ परक्याचे झाले.

"गारठा वाढलाय. माझा स्वेटर आणला ना?" डॉक्टरांनी बाईला विचारलं. बाईनं दुकानाची पिशवी दिली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होतो. डॉक्टरांनी उजवा हात घातला. मग डावा हात घातला. तो खांद्यापाशीच बाहेर आला.

डॉक्टरांनी खांद्यापासून बोटांपर्यंत आपला हात निरखला.

"बाही आखूड करायला सांगितली होती," डॉक्टर सावकाश म्हणाले, "मुळासकट काढायला नाही."

"तुमच्या संगतीचा गुण असेल," बाई म्हणाली.

"कोण आहे तो शिंपी? एकदा माझ्या खुर्चीत येऊ दे. सुई न टोचता काढतो त्याचे दात." हे बोलताना ते माझ्याच अंगावर वाकून दिवा सरळ करत होते. "आणि ही पिन बघा. कुणाच्या डोळ्यात गेली असती." त्यांनी स्वेटर अंगातून काढला, बोटांनी पिन चाचपली आणि तिचं तोंड उघडलं.

मी उठलो. म्हणजे उडालोच. गळ्यातलं कापड, तोंडातला कापूस, लाळ ओढायची नळी, सगळं घेऊन मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. बाई किंचाळली. डॉक्टर जागीच थिजले. मी काय बोललो ते मलाही कळलं नाही, त्यांना काय कळणार? मी त्यांचं मनगट सोडलं नाही. शेवटी पायानं माझी पिशवी पुढे ढकलली. बाईनं भीत भीत आतून राखाडी स्वेटर काढला. दोन बाह्यांचा.

डॉक्टरांनी तो पाहिला. मग कापड सरकल्यावर माझ्या गळ्यात लोंबणारी मोजायची टेप पाहिली.

"मास्तर?"

मी मान हलवली.

"मग हा कुणाचा?"

मी छातीवर हात ठेवला. हवेत दोन सुया चालवून दाखवल्या. मग बोट वर केलं. डॉक्टरांनी वर पंख्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना समजलं, आणि मी मनगट सोडलं.

पिनेचं तोंड त्यांनी बोटानं तसंच मिटून धरलं होतं. माझ्या तोंडावरचा दिवा ओढून त्यांनी स्वेटरवर घेतला आणि दाढ तपासावी तसा एकेक टाका तपासला.

"सगळे आत आहेत," म्हणाले. "एकही निसटलेला नाही." खट्कन पिन लावली आणि स्वेटर माझ्या हातात दिला.

मला एकदम हलकं वाटलं. मी दाराकडे निघालो.

"कुठे? काम अर्धं टाकून जायचं नाही. बसा."

मी आडवा झालो. स्वेटर पोटावर ठेवला, त्यावर दोन्ही हात. तळहात खाली. डॉक्टरांनी आपला स्वेटर चढवला. बाह्या अगदी मनगटावर बसल्या होत्या, हे मी डोळे मिटण्याआधी पाहून घेतलं. मग चिमट्याचा आवाज आला, येऊ दिला. कुठेतरी काहीतरी करकरलं, जाऊ दिलं. त्यानंतर काय काय आलं आणि गेलं ते मला ठाऊक नाही.

"डॉक्टर," बाईचा आवाज आला, "हे घोरतायत."

कितीतरी महिन्यांनी लागलेली ती पहिली धड झोप. त्यांनी मला पुढचा पेशंट येईपर्यंत उठवलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. गाल भोपळ्याएवढा झाला होता.

"ध्यान केलंत?"

"केलं. दोनदा."

"मग? हलकं वाटलं का?"

"वाटलं. एक दाढ कमी झाली."

"बाबा, आई केव्हाची सांगत होती."

"म्हणून तर काढली." मग तिला सगळं सांगितलं. ती हसली, मग नाक ओढलं, मग पुन्हा हसली.

"बाबा, तो स्वेटर मावशीकडे द्या ना. ती दोन दिवसांत संपवेल."

"नको."

"मग तुम्ही शिकणार का विणायला?"

"बघू."

आता माझ्या टेबलाच्या दाराकडच्या टोकाला मी खुर्ची लावत नाही. तोफ रोज दुपारी येऊन विचारते, "मास्तर, आज डोंगर की माणूस?" मी स्वेटर मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसतो. नियमात बसत नसेल, पण जमतं.

दाढेचं काम झालं. डावी बाही चार बोटं झाली आहे. बाकीची विणायची राहिली आहे.